पॅनोरामा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोचलं की एका फोटोत कडा मावत नाही. मग मोबाइल हळूहळू फिरवून, फोटो एकमेकांना सांधून 'पॅनो' काढायचा. 'पॅनो' म्हणजे पॅनोरामा, आणि हा शब्द फोटोग्राफीपेक्षा जुना. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने एडिनबरा शहराचं चौफेर चित्र काढलं आणि 1787 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं, पण त्यातलं नाव होतं लांबलचक फ्रेंच. अर्थ, 'निसर्ग एका नजरेत'. 'पॅनोरामा' नंतर घडवला गेला, ग्रीक 'पॅन' (सर्व) आणि 'होरामा' (दृश्य) जोडून. म्हणजे शब्दही सांधलेलाच!

मराठीत आपण सर्रास 'विहंगम दृश्य' म्हणतो. मला ते पटत नाही. विहंगम म्हणजे पक्षी. त्याची नजर वरून खाली. पॅनोरामा पाहणारा जागेवर उभा राहून मान फिरवतो. 'चौफेर' अधिक नेमका.

कोकणकड्यावर सांधा फसतो तो जवळच्या खडकापाशी. शेजारच्या दोन फोटोंत साधारण तिसरा हिस्सा सामाईक हवा आणि कॅमेरा भिंगाभोवती फिरायला हवा. आपण हात लांब करून स्वतःभोवती फिरतो, म्हणजे भिंग जागा सोडतं. दूरचं कोकण बिनचूक जुळतं, पायाशी बसलेल्या मित्राला मात्र तीन गुडघे फुटतात.