टेकरीखालचे पाहुणे

माळव्यात ‘रेसिडेन्सी’ हा शब्द जुनाच, पण कलेशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. रेसिडेन्सी म्हणजे इंदूरची ती साहेबाची कोठी. गव्हर्नर जनरलचा एजंट तिथे राहायचा आणि इंदूरचे होळकर, धारचे पवार, देवासचे पवार अशा सगळ्यांवर तिथून नजर ठेवायचा. एजंट गेला, शब्द मागे राहिला आणि आता चित्रकारांच्या वाट्याला आला. डोंगरातलं एखादं गाव, शेणाने सारवलेलं घर, दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम, विषय निसर्ग आणि शेवटच्या दिवशी प्रदर्शन, असा हल्लीच्या कला-रेसिडेन्सीचा साधारण आराखडा असतो.

या कल्पनेचं मूळ अमेरिकेत दाखवतात. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांची पत्नी मॅरियन यांनी 1907 साली न्यू हॅम्पशरमधल्या पीटरबरो गावी, रानात, कलावंतांसाठी वसाहत काढली. झाडीत सुट्या सुट्या झोपड्या बांधल्या. दुपारचं जेवण टोपलीत घालून प्रत्येक झोपडीच्या दाराशी ठेवून जायचं आणि आतल्या माणसाला हाकही मारायची नाही, हा तिथला गाजलेला रिवाज.

नर्मदाकाठच्या माणसाला या टोपलीचं फार नवल वाटणार नाही. देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नदीच्या उत्तर तीरावर नेमावर आहे. समोरच्या तीरावर हंडिया. नर्मदेची नाभी इथे आहे असं मानतात. काठावर परमारांच्या काळातलं, भूमिज शैलीचं सिद्धनाथाचं मंदिर उभं आहे आणि जवळच्या टेकाडावर दुसरं एक मंदिर अर्धवट राहिलेलं आहे. अल्बेरुनीने अकराव्या शतकात वाटांची आणि अंतरांची जी नोंद केली, तीत या गावाचं नाव येतं. पुढे इंदूर संस्थानात नेमावर नावाचा जिल्हाच होता. पण गावाची खरी ओळख परिक्रमेच्या वाटेवरचा मुक्काम ही. शास्त्राप्रमाणे परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. नदी उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही आणि चातुर्मासात चालायचं नाही. आषाढी एकादशीला जिथे असाल तिथे थांबायचं, ते कार्तिकी एकादशीपर्यंत. ‘नर्मदे हर’ अशी हाक ऐकू आली की काठचा माणूस कोरडा शिधा काढतो. पीठ, डाळ, मीठ, जमलं तर गूळ. नाव-गाव विचारलं तर विचारलं. तुम्ही इथे काय करणार आहात, हे मात्र कुणी विचारत नाही.

एका नदीच्या काठी, पावसाचे चार महिने, दुसऱ्याच्या ओसरीवर, बिनकामाचं राहायचं. निसर्ग-रेसिडेन्सी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? या वाटेने चाललेल्यांत लेखक आणि चित्रकारही होते. गो. नी. दांडेकर ऐन तारुण्यात परिक्रमेला गेले. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्यांनी लिहिली ती पुष्कळ नंतर. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेले जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठाने चालू लागले. परिक्रमा त्यांनी तुकड्यातुकड्यांनी केली. धर्मशाळेत, देवळात, कुणाच्या पडवीत मुक्काम करायचा आणि रेखाटनं करायची. घरी परतल्यावर त्याच रेखाटनांतून रंगीत कागदांची चिकटचित्रं तयार व्हायची.

हे ‘नंतर’ लक्षात ठेवण्यासारखं आहे. धार-देवासच्या मुलखात पाहुणे म्हणून राहिलेल्यांचा इतिहास चाळला तर एक गमतीदार गोष्ट दिसते. मुक्काम असताना त्यांच्या हातून काम असं फारसं झालेलंच नाही.

मांडू घ्या. धारहून दक्षिणेकडे गेलं की पठार एकदम तुटतं, काकडा खोह नावाची दरी लागते आणि तिच्यापलीकडे सुमारे दोन हजार फुटांवर हे डोंगरी गाव. 1439 साली इथे एक सुंदर कल्पसूत्र चितारलं गेलं. पुढे घियासुद्दीन खिलजीच्या दरबारात ‘निमतनामा’ तयार झाला, तोही इथेच. समोसे, सरबतं, अत्तरं यांची ही सचित्र पाककृतींची पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या पानोपानी मोठ्या मिशांचा सुलतान झाडाझुडपांत बसून चुलीवरचं भांडं न्याहाळताना दिसतो. ही इथल्याच आश्रयाने झालेली कामं, पाहुण्यांची नव्हेत.

पाहुणा आला तो 1617 साली आणि पाहुणा कसला, जहांगीर बादशहा. त्याच्यासाठी आधी माणूस पाठवून जुन्या इमारती दुरुस्त केल्या गेल्या. तीन लाख रुपये खर्च झाला. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तो मांडूत राहिला. नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ टिपले ते याच दिवसांत. पावसाळ्यातल्या मांडूच्या हवेची आणि हिरवाईची बादशहाने आपल्या आठवणींत मनमुराद स्तुती केली आहे. त्याच वेळी इंग्लंडचा वकील सर टॉमस रो तिथेच होता. त्याला राहायला एका थडग्याचं आवार मिळालं होतं. पाण्याची मारामार होती आणि रात्री श्वापदं अंगणात शिरून शेळ्यामेंढ्या उचलून नेत. निसर्ग तोच, डोंगर तोच. एकाने तीन लाखांच्या डागडुजीतून पाहिला, दुसऱ्याने रिकाम्या घागरीतून. डोंगरातल्या मुक्कामाबद्दल लिहिताना दोघांनाही वाचलेलं बरं.

मांडूत आज गेलं तर इमारतींइतकंच एका झाडापाशी माणूस थबकतो. गोरखचिंच. स्थानिक माणसं तिला ‘मांडू की इमली’ म्हणतात. बुंधा हत्तीच्या पायासारखा, चार-पाच माणसांच्या कवेत न मावणारा, वर फांद्या मात्र आखूड, मुळं आभाळाकडे केल्यासारख्या. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. तेही एके काळी पाहुणं म्हणून आलं आणि राहिलं. वाळलेलं फळ फोडलं की आत पांढरा, आंबट, खडूसारखा गर निघतो. मांडूत हातगाडीवर ही फळं विकायला असतात.

मराठी पवार इथे आले अठराव्या शतकात. धार एका शाखेकडे गेलं, देवास दोन भावांकडे, तुकोजी आणि जिवाजी यांच्याकडे. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्यं. दोघांच्या मधोमध टेकरी. माथ्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा, म्हणजे मोठी माता आणि छोटी माता. पुण्या-कोल्हापुराकडून आलेली मराठी घरं या टेकरीच्या छायेत वाड्यांत राहू लागली आणि ‘टेकडी’ म्हणायचं सोडून ‘टेकरी’ म्हणू लागली.

थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर दोनदा आला. पहिल्यांदा 1912च्या नाताळात, पाहुणा म्हणून. दुसऱ्यांदा 1921 साली, महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून. चिटणीस हे नावाला. प्रत्यक्षात त्याच्याकडे बागा, मोटारी, वीज असली खाती होती आणि अर्धवट बांधलेला नवा राजवाडा पूर्ण होण्याआधीच ढासळत होता. येताना त्याने एका कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं बरोबर आणली होती. देवासला बसून ती पुरी करावी असा बेत. पण खरा देश समोर उभा राहिल्यावर कागदावरचा देश कोमेजून गेला, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलं आहे. पानं मिटून ठेवावी लागली.

मग गोकुळाष्टमी आली. महाराज पक्के कृष्णभक्त. उत्सवाचे दिवस मूर्तीपुढे टाळ घेऊन नाचण्यात जायचे. गर्दी, घाम, फुलं आणि तुकारामाचे अभंग. फॉर्स्टर अनवाणी त्या गोंधळात उभा राहिला, अर्ध्याहून जास्त त्याला कळलं नाही. इंग्लंडला परतल्यावर त्याने ती मिटलेली पानं उघडली. ‘अ पॅसेज टू इंडिया’ 1924 साली प्रसिद्ध झाली. तिचा तिसरा भाग भर पावसाळ्यातल्या एका हिंदू संस्थानात घडतो आणि त्याच्या सुरुवातीलाच तुकारामाचा गजर चालू आहे. विसाव्या शतकातल्या एका थोर इंग्रजी कादंबरीच्या शेवटच्या भागात देहूचा वाणी जाऊन बसला, तो देवासमार्गे. 1953 साली फॉर्स्टरने देवासच्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्याला टेकरीचंच नाव दिलं: ‘द हिल ऑफ देवी’. यजमान मात्र सुखी झाला नाही. संस्थान कर्जात बुडालं, तुकोजीराव पाँडिचेरीला निघून गेले आणि 1937 साली तिकडेच वारले. पाहुणचाराचा खर्च रयतेच्या पैशातून होत होता, हेही इथेच नोंदवायला हवं. फॉर्स्टरबद्दल मायेने लिहिणारे बहुतेक लोक हे वाक्य गाळतात.

शेजारच्या धारने एक पाहुणा कायमचा ठेवून घेतला. वसईत 1884 साली जन्मलेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचा. मुंबईत नाव झालेला हा माणूस धारला गेला आणि तिथलाच झाला. त्यांच्या स्टुडिओत घडलेल्या मूर्ती धारकर आजही पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

देवासचा सर्वांत मोठा पाहुणा मात्र आजारपणात आला. शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीचा जन्म, मुंबईत देवधरमास्तरांकडे तालीम, विशीतच देशभर नाव आणि मग क्षय. कोरड्या हवेसाठी ते आणि पत्नी भानुताई 30 जानेवारी 1948 रोजी देवासला पोचले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पुढची पाच-सहा वर्षं गाणं बंद. डॉक्टरांनी बोलायलाही जपून सांगितलेलं. ज्याने दहा-बारा वर्षांच्या वयात मोठमोठ्या मैफली मारल्या, तो आता खाटेवर पडून खिडकीबाहेरचं ऐकत होता.

खिडकीबाहेर टेकरीची वाट होती. मातेला जाणाऱ्या बाया गात जायच्या. शेतातली, लग्नातली, पावसाची, न्हाणुलीची माळवी गाणी. मल्हार भागात शीलनाथांची धुनी, तिथे नाथपंथी साधू निर्गुणी भजनं म्हणत. आवाज फेकून, मोकळ्यावर, कुणाला रिझवायचं नाही अशा बेताने. कुमारांनी ते ऐकलं, पुढे मिळवलं, स्वरलिपीत उतरवलं. औषध लागू पडलं आणि ते गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. लांब तानेऐवजी छोटे, अचानक उसळणारे सूर आले. लोकधुनांतून काढलेले ‘धुनउगम’ राग आले: मालवती, संजारी, लगनगंधार. ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग 1965 साली छापला गेला. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे कार्यक्रम तर थेट ऋतूंवर बेतलेले. निसर्ग हा विषय असलेली कला-रेसिडेन्सी म्हणून कुणी दाखला मागितला, तर हाच द्यावा. मुदत चव्वेचाळीस वर्षं, कारण 12 जानेवारी 1992 रोजी कुमार गेले ते देवासलाच, टेकरीच्या पायथ्याच्या ‘भानुकुल’मध्ये.

या सगळ्यात एक हिशेब राहून गेलेला आहे. रागांना नावं मिळाली, ग्रंथावर गायकाचं नाव आलं, ते योग्यच. पण त्या वाटेने गात गेलेल्या एकाही बाईचं नाव कुठल्या पुस्तकात सहजी सापडत नाही. कुमारांनी लोकसंगीताचं ऋण कधी लपवलं नाही, उलट जाहीर सांगितलं. तरीही ऋण ‘माळव्या’चं राहिलं, कुण्या गंगूबाईचं किंवा धापूबाईचं झालं नाही. आजच्या डोंगरातल्या शिबिरांत वारली किंवा गोंड घरातल्या बाईकडून नक्षी शिकून घेतली जाते, तेव्हाही हेच होतं.

पाहुणे बाहेरूनच यावे लागतात असंही नाही. देवास संस्थानातल्याच आलोट गावी 1917 साली विष्णू चिंचाळकर जन्मले. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत शिकले. चित्रकार बेंद्रे आणि हुसेन हेही त्याच शाळेचे. हाताशी रंग-कुंचला असताना चिंचाळकर गुरुजी खाली वाकून वाळकी पानं, सालपटं, शेंगा, काटक्या उचलत. पिंपळाचं जाळीदार पान उलटं धरलं की म्हातारीचा चेहरा, शेंगेच्या टोकाला एक काडी की चोच. चिकटवायचं कमीत कमी, कापायचं जवळजवळ नाहीच. ‘ते त्यातच असतं, फक्त बघायचं,’ असा सगळा खाक्या. त्यासाठी ते कुठल्या डोंगरात राहायला गेले नाहीत. इंदूरच्या घराचं अंगण पुरलं.

इंदूरहून देवास तासाभराच्या आत येतं. जायचं तर पाऊस सुरू झाल्यावर जावं, किंवा मग नवरात्रात. टेकरीवर आता रोपवे झाला आहे. तरी पायऱ्यांनीच चढा. बाया अजून गात चढतात आणि पाळण्यात बसलं की ते ऐकू येत नाही. एखादीला नाव विचारा आणि लिहून ठेवा.