टार्डिसचे हृदय : एका ऊर्जास्रोताचे वाचन

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेतील टार्डिस हे कालप्रवासी यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्याएवढे दिसते. आत मात्र ते अफाट आहे. ते कोणत्या शक्तीवर चालते, या प्रश्नाला १९६३ पासून वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळी उत्तरे दिली. ती परस्परांशी पुरती जुळत नाहीत. तरीही त्यांत एक सूत्र आढळते : ही शक्ती यंत्रज्ञाच्या अवजारांनी नव्हे, तर वाचकाच्या नजरेने उलगडते.

पहिले उत्तर गरजेपोटी जन्मले. मालिकेला प्रारंभी तेराच भागांची मंजुरी होती आणि पहिल्या दोन कथांत त्यांपैकी अकरा खर्ची पडले. उरलेल्या दोन भागांत नवे नेपथ्य वा नवे नट परवडणारे नव्हते. कथासंपादक डेव्हिड व्हिटकर यांनी चार प्रवासी आणि यान एवढ्याच सामग्रीवर 'द एज ऑफ डिस्ट्रक्शन' ही कथा रचली. ती फेब्रुवारी १९६४ मध्ये प्रक्षेपित झाली. पात्रांची उणीव यानानेच भरून काढली.

या कथेत नियंत्रणफलकाच्या मधल्या स्तंभाखाली यानाचे हृदय असल्याचे कळते. यान विनाशाकडे ओढले जात असते. घड्याळांच्या तबकड्या वितळतात, दारे आपोआप उघडतात. डॉक्टर सोबत्यांवरच घातपाताचा आळ घेतो. यंत्राला विचारशक्ती असेल हे त्याला पटत नाही. या विसंगत खुणा म्हणजे यानाने दिलेले इशारे आहेत, हे ताडते ती बार्बरा राइट, म्हणजे शाळेत इतिहास शिकवणारी शिक्षिका. बिघाड निघतो तो एका कळीतील अडकलेल्या स्प्रिंगचा.

१९६७ नंतर जॉन व्हीलर यांच्यामुळे 'ब्लॅक होल' ही संज्ञा रूढ झाली. १९७६ च्या 'द डेडली असॅसिन'मध्ये रॉबर्ट होम्स यांनी कालाधिपतींच्या सामर्थ्याचे मूळ एका बंदिस्त कृष्णविवराच्या गाभ्यात दाखवले. त्याचे नाव 'आय ऑफ हार्मनी'. ते गॅलिफ्रे ग्रहावर त्यांच्याच सभागृहाखाली असते, पण त्याचा अर्थ ते विसरलेले असतात. रॅसिलॉन या पूर्वजाची उपकरणे त्यांच्या लेखी निव्वळ समारंभाची भूषणे उरतात. एका प्राचीन ग्रंथातील मजकूर ऐकून डॉक्टर तो हरवलेला अर्थ शोधून काढतो. येथेही विज्ञानाआधी वाचन येते.

पुढे १९९६ च्या चित्रपटाने हा 'आय' यानातच आणला. २००५ मध्ये रोझने यानाच्या हृदयात डोकावून पाहिले आणि कालशक्ती तिच्या देहात उतरली. २०११ मध्ये नील गेमन यांनी यानाच्या आत्म्याला स्त्रीदेह आणि वाचा दिली. या कथेचा शेवट सूचक आहे. मानवी देहाला ती शक्ती पेलत नाही, आणि यान पुन्हा आपल्या मूक रूपात परतते. ते बोलतच राहिले असते, तर बार्बरासारख्या वाचकाचे काम संपले असते.