अडीच महिन्यांचं अंतर

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ला. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले. आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. अडीच महिन्यांनी, १३ जुलैला, त्यांनीच मुंबईबद्दल केलेली घोषणा मात्र मला फार उशिरा कळली: फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवायचं आणि आपापल्या गावी धाडायचं. तेही भर पावसाळ्यात.

माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला गेले होते. दोन वर्षं राहिले. झोपायचे कुठे, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. म्हणून मी ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ हा निकाल फोनवर वाचायला घेतला.

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासोबत फुटपाथवर राहणारे दोघं सुप्रीम कोर्टात गेले होते. एक तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळाने काम गेलेला. दुसरा आपल्या संगमनेरचा. गावात चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. घर पडलं, तसा १९६९ला मुंबईत आला आणि बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू-प्लास्टिकला ७००. म्हणजे फुटपाथही फुकट नव्हता.

१० जुलै १९८५ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड आणि चार न्यायमूर्तींनी निकाल दिला. कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं त्यांनी म्हटलं. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये आपण एवढंच पाठ करतो. पुढचं वाचत नाही: फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे झोपडी बांधायचा हक्क नाही. नोटीस न देता अतिक्रमण काढू देणारं १८८८च्या पालिका कायद्यातलं कलम ३१४ वैध ठरलं. मात्र ही मुभा अपवादापुरती, एरवी आधी ऐकून घ्यावं, असं कोर्ट म्हणालं. १९७६च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यायची होती. बाकीच्यांना हातात मिळाली ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत.

तत्त्व जिंकलं, माणसं हरली.

२८ जून २०२४ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही ओरेगनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या बाजूने कौल दिला. उघड्यावर मुक्काम केला म्हणून दंड करणं ही ‘क्रूर शिक्षा’ नाही, असं तिथल्या बहुमताचं म्हणणं. आपल्या कोर्टाने निदान हा माणूस इथे आला का, हे तरी विचारलं होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर मुंबईत नाही, आमच्याकडे आहे. दिवाळीच्या सुमाराला आजही जालन्यातून ऊसतोडीच्या गाड्या भरून जातात. गावी धाडलं तरी गावात काम हवं ना? १९८१ला आम्हाला जिल्हा मिळाला. आजोबांना जे गावात मिळालं नाही, ते त्यांच्या नातवंडांपैकी निम्मी अजून बाहेरच शोधतायत.