उमेद आणि उमेदवारी

'उमेदवारी' हा शब्द आता फक्त निवडणूक आली की कानावर पडतो. आमच्या आजोबांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. "दोन वर्षं उमेदवारी केली, मग चिकटलो," असं ते म्हणायचे. चिकटलो म्हणजे नोकरीला लागलो. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. रोज कचेरीत जायचं, कारकुनाच्या शेजारी बसून नकला करायच्या, पडेल ते काम करायचं आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. पगार शून्य.

यंदा पुतणी एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि घरात दिवसरात्र 'समर इंटर्नशिप' हा एकच विषय चाललाय. तिचं ऐकताना सारखं वाटत राहिलं, की अरे, ही तर आजोबांची उमेदवारी! म्हणून जरा मागे जाऊन पाहिलं.

आम्ही कसब्यातले. शनिवारवाडा घरापासून चालत पाच मिनिटांवर. पेशव्यांचं हुजूर दफ्तर म्हणजे त्या काळचं मोठं कॉर्पोरेट ऑफिसच. चालते दफ्तर, एकबेरीज दफ्तर असे त्याचे विभाग होते आणि ऐन भरात दोनशेच्या वर कारकून तिथे खपत. एवढी माणसं तयार कुठे होत? कारकुनीची शाळा काही नव्हती. मोडीचं वळण आणि जमाखर्चाची रीत मुलगा बापाच्या नाहीतर काकाच्या हाताखाली बसून शिकायचा. खुद्द नाना फडणवीसांचं पाहा. जन्म 1742 चा. 1756 मध्ये वडील जनार्दनपंत वारले आणि चौदाव्या वर्षी फडणिशी नानांकडे आली. नाना हुशार होतेच, त्यात वाद नाही. पण फडावर बसायला मिळालं ते भानूंच्या घरात जन्मल्यामुळे, हेही तितकंच खरं.

कसब्यातच तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. लहानपणी दुपारी झोपावं म्हटलं तर ठोक्यांचा आवाज थांबायचा नाही. त्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. ऐरणीवर भांडं फिरवत हातोडीचे एकसारखे ठोके मारायचे, म्हणजे पत्रा कठीण होतो आणि वर ती ओळखीची चकाकणारी नक्षी उठते. हे शिकवणारं पुस्तक नाही. बंब, घंगाळं, कळश्या घडताना पोरगं शेजारी बसून बघतं, आधी घासायचं-उचलायचं काम करतं आणि हात बसला की हातोडी मिळते. इथेही पुन्हा घरातलंच पोरगं.

म्हणजे कचेरी असो की ऐरण, शिकण्याची जागा घराच्या आत होती. बाहेरच्याला दार कुठून उघडणार?

इंग्रज आले तरी कचेऱ्यांमधली ही रीत फारशी बदलली नाही. बिनपगारी उमेदवारी ज्याला परवडते तोच पुढे कारकून होतो आणि मग आपल्या भाच्या-पुतण्याला शेजारी बसवतो. याचा परिणाम कोल्हापूर संस्थानच्या आकड्यांत दिसतो. 1894 मध्ये शाहू महाराज गादीवर आले तेव्हा सामान्य प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 ब्राह्मणांकडे होत्या आणि 500 कारकुनांमध्ये ब्राह्मणेतर होते अवघे 10. महाराजांनी 26 जुलै 1902 ला मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्यामागे हे चित्र होतं. आमच्या आजोबांची दोन वर्षं कष्टाची होती हे मी नाकारत नाही. पण त्या दोन वर्षांत घरी दोन वेळचं जेवण होतं, हे ते कधी सांगायचे नाहीत. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं.

जगात दुसरी वाटही निघाली होती. 1906 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकांनी इंजिनिअरिंगच्या 27 विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग केला. काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, आणि कारखान्यातल्या कामाचा पगार. आपल्याकडे 1961 हे वर्ष गमतीचं आहे. त्याच वर्षी कलकत्ता आणि अहमदाबादची आयआयएम स्थापन झाली आणि त्याच वर्षी शिकाऊ उमेदवारांचा कायदाही झाला. कारखान्यातल्या शिकाऊ मुलाला विद्यावेतन द्यायचंच, असं कायद्याने ठरलं. पण त्याच कायद्याच्या 22 व्या कलमात, शिकवणी संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, असंही लिहून ठेवलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर याबाबत प्रत्येक मालकाने आपलं धोरण स्वतः ठरवायचं असं झालं. थोडक्यात, पैसे नक्की, नोकरीची उमेद. एमबीएच्या पोरांना मात्र पैसेही नक्की नाहीत आणि नोकरीही.

आता माझं सांगतो. 2004 चा उन्हाळा. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये कंपन्या डिसेंबरपासूनच यायला लागल्या. आधी ग्रुप डिस्कशन, म्हणजे बारा जणांनी एकदम बोलायचं आणि कुणी कुणाचं ऐकायचं नाही. मग इंटरव्ह्यू. एका कंपनीने सहा जण निवडले, त्यात मी आणि माझा उस्मानाबादचा (आताचं धाराशिव) मित्र. आठ आठवडे काम, स्टायपेंड नाही, पण काम आवडलं तर प्री-प्लेसमेंट ऑफर. म्हणजे दुसरं वर्ष सुरू होतानाच नोकरी खिशात!

मित्र सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. खोलीभाडं, मेस आणि वर एज्युकेशन लोनची चिंता. त्याने दोन दिवस हिशोब केला आणि नकार कळवला. उन्हाळाभर एका क्लासमध्ये गणित शिकवलं. मी मात्र होकार दिला. बाबांची स्कूटर होती, दुपारी घरी येऊन आईच्या हातचं जेवून परत जाता येत होतं. बोहरी आळीपासून हडपसरपर्यंत दीडशे दुकानदारांना भेटलो, फॉर्म भरून घेतले, एक्सेलमध्ये आकडे घातले, रिपोर्ट बांधला. कष्ट केले, शिकलोही खूप. ग्राहकाचं खरं म्हणणं फॉर्मवर नसतं, चहा येईपर्यंतच्या गप्पांत असतं, हे तिथेच कळलं. शेवटी प्रेझेंटेशन झालं आणि ऑगस्टमध्ये दोघांना ऑफर आली. त्यात एक मी.

घरी पेढे वाटले, कसबा गणपतीला जाऊन आलो. मित्राने मिठी मारली. बॅचमध्ये आकड्यांना त्याच्याइतका पक्का कुणी नव्हता. त्याला पुढच्या फेब्रुवारीत नोकरी लागली, माझ्यापेक्षा कमी पगाराची. आज त्याचं उत्तम चाललंय, तक्रार त्याची काहीच नाही. पण माझ्या बायोडाटावर 'प्री-प्लेसमेंट ऑफर' आली आणि त्याच्या नाही, यात कसब्यातल्या घराचा वाटा किती, हा हिशोब मी अनेकदा मांडलाय. उत्तर दर वेळी बरंच मोठं येतं.

अलीकडे सरकारलाही हे पटलेलं दिसतं. 2024 मध्ये केंद्राने इंटर्नशिप योजना आणली ती महिना 5000 रुपयांची. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार 6000, 8000 आणि 10000 रुपये ठरले. पुण्यातलं भाडं पाहता ही रक्कम काही मोठी नाही. पण शिकणाऱ्याच्या पोटाचा विचार शिकवणाऱ्याने करायचा, हे निदान कागदावर तरी आलं.

असो. पुतणीला मी एकच सांगितलं, कंपनीचं नाव बघण्याआधी विचार, "महिन्याला किती देणार?" हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि आपल्या नात्यागोत्यात ज्यांचे छोटे-मोठे व्यवसाय आहेत, जे उन्हाळ्यात 'एखादा हुशार पोरगा बघ रे' म्हणून मला फोन करतात, त्यांना प्रेमाची विनंती. पोरगा जरूर देतो. पण त्याचं भाडं आणि मेस निघेल एवढे तरी द्या. नाहीतर हुशार पोरगा मिळणार नाही, जवळ घर असलेला मिळेल.