तारखेचा दोष

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या मुलीला दिल्लीहून मुलाखतीचे बोलावणे आले. पुण्याहून विमानाने जायचे ठरले. घरात आनंद झाला. पण जाण्याची तारीख कानावर पडताच आमच्या मातोश्रींनी तांदूळ निवडायचे ताट बाजूला सारले.

"तीस सप्टेंबर? त्या दिशी पोरीला इमानात बसवायचं न्हाई. ती तारीख खाणारी हाय."

"अगं आई, तारीख कशी खाईल?"

"किल्लारी कवा झाली? आन् आपलं ग्वाल्हेरचं शिंदे इमानातनं गेलं ते कवा? मास्तर हायस, तूच सांग की!"

मास्तर निरुत्तर झाला. दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या होत्या.

दिवाळीच्या फराळासमोर असले विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. पण सणाला चार माणसे जमली की असल्या योगायोगांच्या गोष्टी निघतातच. तेव्हा त्या एकदा नीट तपासून पाहिलेल्या बऱ्या.

किल्लारीचा दिवस मला आठवतो. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. १९९३ सालची अनंत चतुर्दशी, २९ सप्टेंबर. गणपती बोळवून दमलेली माणसे झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना आमच्या वडगाव निंबाळकरात फडताळातली भांडी वाजली. मांजर असेल, असे म्हणून वडील कुशीवर वळले. तिकडे लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, सास्तूर ही गावे त्याच मिनिटाला मातीत मिसळत होती. रिश्टर मापाने भूकंप सहाच्या थोडा वर. पण सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि काही अंदाज तर दहा हजारांपर्यंत जातात.

दुसरी घटना ३० सप्टेंबर २००१ ची. वार रविवार. माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला लहानशा विमानाने निघाले होते. उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यात, भोगावजवळ, खराब हवेत ते विमान कोसळले. माधवरावांसह आठही जण गेले. त्यांत चार पत्रकार होते. शिंद्यांचे मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातले कण्हेरखेड. त्यामुळे ती बातमी आमच्याकडे घरच्या माणसाची बातमी म्हणूनच ऐकली गेली.

आईच्या बाजूने आणखीही पुरावा देता येईल. इंडोनेशियातील पाडांग शहराजवळ २००९ साली मोठा भूकंप होऊन अकराशेहून अधिक माणसे दगावली, तीही ३० सप्टेंबरलाच. आणि आपल्या कोयनेचा भूकंप घ्या. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे एकशे ऐंशी माणसे गेली. बरोबर एकतीस वर्षांनी, ११ डिसेंबर १९९८ ला, थायलंडमध्ये सुरत थानी येथे विमान पडून १०१ माणसे गेली. अशा जोड्या जुळू लागल्या की अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही.

पण मास्तरकीची खोड अशी, की काटा आला तरी हिशेब सुटत नाही. सहा रिश्टरच्या वरचे भूकंप जगात दर वर्षी शंभरावर होतात. पुष्कळसे समुद्राच्या तळाशी, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. पन्नास वर्षांत पाच हजार झाले. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. सातवीच्या मुलालाही भागाकार येईल. एकेका तारखेच्या वाट्याला तेरा-चौदा येतात. मग एखादा विमान अपघात कोणत्याही तारखेला होवो, त्याला जोडीदार भूकंप मिळायचाच. हुकलेल्या जोड्या मात्र कोणी मोजत नाही. औरंगाबादचे विमान १९९३ साली २६ एप्रिलला पडले, नेपाळचा मोठा भूकंप २०१५ साली २५ एप्रिलला झाला. एका दिवसाने जोडी हुकली, म्हणून कोणाच्या अंगावर काटा आला नाही.

आणखी एक गंमत आहे. जगभरचे भूकंप नोंदताना शास्त्रज्ञ ग्रीनिचचे घड्याळ धरतात. ते आपल्याहून साडेपाच तास मागे. त्या वह्यांत किल्लारीचा भूकंप २९ सप्टेंबरला मांडला जातो आणि कोयनेचा १० डिसेंबरला! म्हणजे घड्याळ बदलले की जोडी फुटली. जी तारीख माणसाच्या घड्याळावर अवलंबून, तिच्या अंगी माणूस खाण्याची शक्ती कोठून यावी?

हे सगळे मी आईला सांगितले. तिला भागाकाराचे कौतुक वाटले नाही. शेवटी मी पंचांग काढले.

"आई, तू इंग्रजी तारखा कधीपासून पाळू लागलीस? किल्लारीला अनंत चतुर्दशीची रात्र होती. शिंदे गेले तेव्हा अधिक आश्विन चालू होता. महिनासुद्धा एक नाही."

हे मात्र तिला पटले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने जो प्रश्न विचारला, तो माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने आजवर विचारलेला नाही.

"मग येवढी माणसं कशानं गेली रं?"

कशाने? भिंतींनी. मराठवाड्यातली ती घरे माळवदाची होती. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती; आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये माती आणि खडी भरलेली. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि गळती लागली की त्यावर आणखी माती. धक्का बसताच भिंतीचे थर फाकले आणि दगडमातीखाली माणसे गाडली गेली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या. आदल्या वर्षी, १९९२ साली, किल्लारीची जमीन हादरत होतीच. पण दख्खनचे पठार अचल, अशी समजूत होती आणि भूकंपाच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंपानंतर गावे नव्या जागी उभारली गेली, घरांच्या भिंतींना काँक्रीटचे पट्टे आले. नकाशाही पुढे बदलला.

विमानांचेही तेच. औरंगाबादचे विमान धावपट्टी संपता संपता पलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले आणि ५५ माणसे गेली. त्यात विमान वेळेवर न उचलल्याची चूक होती, रस्त्यावरचा ट्रक न अडवल्याची चूक होती. २६ एप्रिलची नव्हती.

आणि माधवराव शिंद्यांची एक आठवण येथे सांगितलीच पाहिजे. १९९३ च्या जानेवारीत ते नागरी विमान वाहतूक मंत्री होते. परदेशातून भाड्याने आणलेले एक विमान दिल्लीला धुक्यात उतरताना मोडले. एकही माणूस दगावला नाही. तरी माधवरावांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून मंत्रिपद सोडले. धुक्याकडे त्यांना बोट दाखवता आले असते. त्यांनी ते स्वतःकडे वळवले. आपण तारखेला दोष देतो, तो बहुधा हे बोट वळवायला नको म्हणून.

एवढे बोलून मी थांबलो, आणि आम्हां दोघांचीही नजर एकदमच वर गेली. आमचा मधला खण अजून माळवदाचा आहे. आजोबांच्या हातचा. उत्तरेकडच्या भिंतीला पोट आले आहे, हे मी पाच वर्षे पाहत होतो. दर दिवाळीला त्या पोटावर चुना फासत होतो. आणि त्याच भिंतीशी आई रोज रात्री अंथरूण टाकत होती. तारखेला भिणारी माझी आई, आणि तिला हसणारा मी शहाणा मास्तर!

मुलगी तीस सप्टेंबरलाच गेली आणि सुखरूप परतली. त्याने काही सिद्ध झाले नाही, हेही मी जाणून आहे. पण ती परत येईपर्यंत माळवदावरची माती उतरली होती आणि गवंड्याने भिंत उकलायला घेतली होती. आतून सगळी मातीच निघाली. आरपार दगड एकही नव्हता.

त्या दिवाळीला घराला चुना लागला नाही. आई पडवीत झोपत होती. पणत्या आम्ही अंगणातल्या दगडांच्या ढिगावर ओळीने मांडल्या. आई म्हणाली, "औंदा भिंत न्हाई, पर झोप चांगली लागती."