ओळखीचे भांडवल : रायपूरच्या सेवाकार्याकडे पाहताना

गणेशोत्सवाची वर्गणी मागायला जाणाऱ्या कार्यकर्त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "उत्सवावर एवढा खर्च करण्यापेक्षा तोच पैसा गरजूंना का देत नाही?" प्रश्न रास्त आहे. पण त्यामागे अशी एक समजूत असते की स्नेहमेळावा वेगळा आणि सेवा वेगळी. आपल्या रायपूरचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

सेवाभावी क्लब म्हटले की रोटरीचे नाव प्रथम येते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना घेऊन पहिली बैठक भरवली, ती समाजसेवेसाठी नव्हती. लहान गावातून मोठ्या शहरात आलेल्या या माणसाला शेजारपाजार हवा होता. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होई, म्हणून नाव पडले रोटरी. सेवा नंतर आली. १९०७ मध्ये या मंडळींनी हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी काम होते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचे! पुढे १९८५ पासून याच संस्थेने जगभर पोलिओविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सुरुवात मात्र चार परक्या माणसांच्या ओळखीपासून झाली होती.

परक्या शहरातला माणूस म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून, म्हणजे १७५८ पासून, मराठी घराणी छत्तीसगडात स्थिरावू लागली. पुढे बंगाल नागपूर रेल्वे आली आणि तिच्याबरोबर नोकरदार मराठी मंडळी आली. कारकून, मास्तर, वकील, स्टेशनवरचे बाबू अशी ही वस्ती वाढत गेली.

या मंडळींनी येथे पाहिलेला मोठा कठीण काळ म्हणजे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ. धानावर जगणाऱ्या या मुलखात पाऊस हुकला की सारेच हुकते. सरकारी दुष्काळी कामे निघाली, खडी फोडणारे हात दिसू लागले. रायपूर-धमतरीची छोटी लाईन सुरू झाली ती १९०० सालीच. आज ती गाडी नाही आणि शहरातील तिच्या जागेवरून एक्सप्रेस-वे गेला आहे.

त्याच वर्षी जानेवारीत पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोळकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी! पैशाअभावी १९०२ अखेर मासिक बंद पडले, पण ओळखी बंद पडल्या नाहीत. सप्रे यांनी पुढे रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. लाखे यांनी वकिली सांभाळून वेगळाच मार्ग धरला, तो सहकाराचा.

त्या काळचा शेतकरी पेरणीला सावकाराकडून धान आणी आणि पीक आल्यावर सव्वाईने किंवा दिढीने फेडी. एक वर्ष पीक बुडाले की कर्ज पुढच्या पिढीवर जाई. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने यावर एक साधा उपाय दिला. एका गावातल्या किमान दहा जणांनी एकत्र यावे आणि परस्परांच्या जबाबदारीवर कर्ज काढावे. खेड्यातील संस्थेत ही जबाबदारी अमर्याद असे, म्हणजे एकाने बुडवले तर बाकीच्यांनी भरायचे. असे जोखमीचे काम कोण कोणाबरोबर करील? ज्याची शेती, ज्याचे घर, ज्याची नियत आपण रोज पाहतो त्याच्याबरोबरच! ज्याच्याकडे तारण नाही त्याचे तारण म्हणजे शेजाऱ्याची ओळख. १९१२ च्या कायद्याने अशा संस्थांना पैसा पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँकांची वाट मोकळी झाली आणि लगेच १९१३ मध्ये लाखे यांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. १९१६ मध्ये मिळालेली 'रावसाहेब' ही पदवी त्यांनी १९२० मध्ये परत केली, पण सहकाराचे काम सोडले नाही. १९४५ मध्ये बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी राईस मिल निघाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

ही कल्पना छत्तीसगडच्या मातीला नवी नव्हती. येथील गावांत 'रामकोठी'ची चाल होती. पीक आले की प्रत्येकाने थोडे धान गावाच्या कोठीत टाकायचे आणि अडल्यानडल्याने तेथून न्यायचे. गाव करी ते राव न करी, हे आपण म्हणतो ते यालाच.

आपले रायपूरचे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले १९३५ मध्ये. सण, नाटक, हळदीकुंकू यांतून जमलेल्या माणसांनीच पुढे शाळा चालवली आणि दिव्यांग मुलींसाठी वसतिगृह उभे केले. आधी सतरंजीवर एकत्र बसणे, मग एकत्र काम करणे, हा क्रम येथेही तोच!

अर्थात ओळखीला एक मर्यादाही आहे. ज्याला कोणीच ओळखत नाही त्याचे काय? मे २०२० मध्ये हा प्रश्न रायपूरच्या टाटीबंध चौकात प्रत्यक्ष उभा राहिला. महाराष्ट्र, तेलंगणातून झारखंड, बिहार, बंगालकडे निघालेले मजूर ट्रकमधून, पायी तेथे येत होते. त्यांना रायपुरात नाव नव्हते, पत्ता नव्हता. तरी शहरातील संस्था, गुरुद्वारे आणि साधे नागरिक जेवण, पाणी, चपला घेऊन उभे राहिले. हे एका दिवसात कसे जमले? स्वयंपाक कोण करील, गाडी कोणाची, पास कोणाकडे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. अनोळखी माणसाला मदत करायलाही आपापसांत ओळख लागते. एप्रिल २०२१ मध्ये तर ऑक्सिजनपासून औषधापर्यंत एका फोनवर माणूस मिळणे हीच मोठी गोष्ट होती.

मी रेल्वेचा माणूस, म्हणून आमच्याकडचे उदाहरण देतो. पावसाळ्यात रुळांवर रात्री गस्त असते. प्रत्येक पेट्रोलमनचा आपला टप्पा ठरलेला. टप्प्याच्या शेवटी दोघे भेटतात, आपापली पेट्रोल बुक बदलतात आणि परत फिरतात. ती वही हातात आली की समजावे, पलीकडचा टप्पा कोणीतरी पायी तपासला आहे. माती कोठे खचते, पाणी कोठे चढते, हे संकटाच्या रात्री शोधत बसायला वेळ नसतो. ते आधीच ठाऊक असावे लागते.

आपली वर्गणीची वही तशीच आहे. आता बरीचशी वर्गणी मोबाईलवरून येते, सोय झाली. पण दार वाजवणे थांबले, की घरात कोण आजारी आहे, कोणाची मुले पुण्याला किंवा परदेशी आहेत आणि आई-वडील येथे एकटे आहेत, हे कळणेही थांबते. बदलीवर आलेले नवे कुटुंब तर दोन वर्षे राहून निघूनही जाते आणि आपल्याला पत्ता नसतो. तेव्हा समितीच्या सर्व सभासदांना एक नम्र सूचना. वर्गणी कशीही घ्या, पण उत्सवात एकदा प्रत्येक दारी जा. पावतीबरोबर घरातील एकट्या वृद्धांची, रक्तगटाची, अडीनडीला येऊ शकणाऱ्या शेजाऱ्याच्या फोनची नोंद करा. घर मराठी असो की छत्तीसगढी, तेलुगू असो की ओडिया, सर्वांची. आणि ही वही दरवर्षी नव्या कार्यकर्त्याच्या हाती द्या.

विघ्नहर्त्याची पूजा आपण दहा दिवस करतो. उरलेल्या दिवसांची गस्त आपल्याकडेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!