भिक्षुकाची वाट आणि इतिहासाची वाट : ‘माझा प्रवास’चे पुनर्वाचन

मुंबई-गोवा महामार्गावर पेण शहराला लागून रामवाडी आहे. कोकणात उतरणारी आणि घाटाकडे वळणारी वाहतूक येथून दिवसभर चालू असते. याच पेण तालुक्यात, बाळगंगेच्या खोऱ्यात वरसई हे गाव आहे. १८५७ साली या गावातील विष्णुभट गोडसे हे तिशीतले भिक्षुक आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तर हिंदुस्थानात जाण्यास निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणापर्यंत पोहोचली होती. घरावर कर्ज होते, आणि यज्ञात भरघोस दक्षिणा मिळण्याचा संभव होता. प्रवासाचे कारण एवढेच. विष्णुभटांना देश पाहावयाचा नव्हता, इतिहासाचे साक्षीदारही व्हावयाचे नव्हते. तरीही या प्रवासातून ‘माझा प्रवास’ हे मराठी गद्यातील एक असाधारण पुस्तक निर्माण झाले. खाजगी गरजेपोटी केलेला प्रवास एका देशाचे लोकजीवन आणि इतिहास कसा उघड करतो, हा प्रश्न या पुस्तकाच्या संदर्भात नव्याने विचारण्याजोगा आहे.

हा प्रश्न मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. त्याचे एक कारण पुस्तकाच्या प्रकाशनाच्या इतिहासातच आहे. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून विष्णुभटांनी १८८३च्या सुमारास आपल्या आठवणी लिहून काढल्या. वैद्यांनी त्या संपादित करून १९०७ साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केल्या. तेव्हापासून सत्तावनच्या बंडाची हकीकत हीच या पुस्तकाची ओळख झाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या उठावाचे स्मरण राष्ट्रीय जागृतीच्या काळात होत होते. त्या दृष्टीने ही ओळख स्वाभाविक होती. परंतु तिच्यामुळे वाचकाचे लक्ष ‘बंडा’वर केंद्रित झाले आणि शीर्षकातील ‘माझा’ व ‘प्रवास’ हे दोन्ही शब्द मागे पडले. पुस्तक इतिहासाचे साधन ठरले, आणि साधनाला विचारावयाचे प्रश्न ठरलेले असतात : तारीख बरोबर आहे काय, घटना प्रत्यक्ष पाहिली की ऐकली, अन्य कागदपत्रांशी ती जुळते काय. हे प्रश्न आवश्यकच आहेत. पण एवढ्यावर थांबल्यास प्रवासी हा केवळ माहिती वाहून आणणारा हमाल ठरतो.

विष्णुभटांचा मार्ग नकाशावर पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पुणे, पुढे खानदेश व सातपुडा ओलांडून महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी. यात तीर्थे आहेत. तशीच मराठी सत्तेची उत्तरेकडील ठाणीही आहेत. पेशवाईत पुण्यास श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर इंग्रजांनी तो खर्च कमी केला. १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे उरलेली रक्कम मराठी ग्रंथांना उत्तेजन देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे वळली. मराठी ग्रंथनिर्मितीच्या इतिहासात ही कमिटी सन्मानाने उल्लेखिली जाते. पण ज्या पैशावर नवे गद्य उभे राहिले, तोच पैसा पारंपरिक भिक्षुकाच्या घरातून कमी झाला होता, हे सहसा सांगितले जात नाही. अशा भिक्षुकाला दानधर्माची जुनी रीत शोधावयाची तर शिंदे, पवार, नेवाळकर यांच्या दरबारांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. विष्णुभटांच्या प्रवासाचा नकाशा हा दक्षिणेचा नकाशा आहे, आणि म्हणूनच तो एका मोडत चाललेल्या मराठी जगाचा नकाशाही आहे.

या दृष्टीने पाहिले असता राजकीय घटनांचा अर्थही बदलतो. गंगाधरराव नेवाळकर १८५३च्या नोव्हेंबरात निवर्तले. दत्तक नामंजूर करून १८५४ साली झाशी खालसा करण्यात आली. इतिहासाच्या पुस्तकात हे डलहौसीच्या धोरणाचे एक उदाहरण असते. विष्णुभटांच्या जगात संस्थान खालसा होणे म्हणजे एक देवघर, एक मुदपाकखाना, एक ग्रंथसंग्रह आणि त्यांवर जगणारी शेकडो माणसे यांचा आधार तुटणे होय. हे अर्थशास्त्र विष्णुभट सिद्धान्तरूपाने मांडत नाहीत. ते कोणाच्या घरी उतरले, तेथे काय जेवले, किती दक्षिणा मिळाली हे सांगतात, आणि त्या तपशिलातून एक समाजव्यवस्था आकार घेते. कोकणातून निघालेल्या माणसाला माळव्यात नि बुंदेलखंडात आपली भाषा बोलणारी घरे मिळत जातात. परमुलखातील ही ओळखीची साखळी हे या निवेदनाचे खरे अधिष्ठान आहे.

घराबाहेर पडण्यापूर्वीचा प्रसंगही या संदर्भात बोलका आहे. वडीलमंडळींची अनुज्ञा सहज मिळत नाही. उत्तरेकडील भांग आणि तेथील स्त्रियांचे मोहजाल यांविषयी त्यांच्या मनात भीती आहे. परमुलखाची ही कल्पना ऐकीव गोष्टींवर पोसलेली आहे. प्रवास जसजसा पुढे सरकतो तसतशी ती काही ठिकाणी विरते, काही ठिकाणी घट्ट होते. एका प्रदेशाने दुसऱ्या प्रदेशाविषयी बाळगलेल्या समजुतींची अशी प्रामाणिक नोंद औपचारिक इतिहासात मिळत नाही.

महूच्या आसपास प्रवाशांची गाठ शिपायांशी पडते. काडतुसांची हकीकत तेथे ऐकावयास मिळते. त्याचबरोबर हिंदू-मुसलमानांचा धर्म बुडविण्यासाठी सरकारने चौऱ्याऐंशी कलमे तयार केली आहेत, अशीही वार्ता कानी येते. अशी कलमे सरकारदप्तरी शोधणे व्यर्थ आहे. तरी ती वार्ता निराधारही नव्हती : विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला होता, संस्थाने खालसा होत होती, मिशनऱ्यांचा वावर वाढला होता. या निरनिराळ्या घटनांना लोकमानसाने एका यादीचे रूप दिले. इतिहासकार ही यादी खोटी म्हणून बाजूला ठेवील. समीक्षकाने मात्र तिची रचना पाहावयास हवी. सरकार ज्या साधनाने राज्य करते ते साधन म्हणजे कलमवार कायदा. प्रजेने आपली भीतीही त्याच कलमवार रूपात व्यक्त केली. वाटेवरच्या माणसाने ही वार्ता टिपून ठेवली नसती तर ती भीती कोणत्या शब्दांत बोलली गेली हे कळले नसते.

झाशीचे प्रकरण हा पुस्तकाचा गाभा. १८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला तेव्हा विष्णुभट शहरात होते. त्यापूर्वीच्या दिवसांतील राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्या, त्यांचा व्यायाम, अश्वारोहण, पूजाअर्चा, दरबारातील पोशाख, चैत्रातील हळदीकुंकू यांचे वर्णन ते करतात. तोफा आणि हळदीकुंकू एकाच शहरात, जवळजवळ एकाच काळात. नंतरच्या वीरचरित्रांतून राणीची जी प्रतिमा रूढ झाली तीत या घरगुती बाजूला फारसे स्थान उरले नाही. विष्णुभटांची राणी घोड्यावर आहे आणि देवघरातही आहे.

एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरची कत्तल, जळणारी घरे, लपून बसलेली माणसे, रस्त्यावरील प्रेतांचे दहन हा सारा भाग अत्यंत साध्या भाषेत येतो. झाशीच्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हकीकतही येथे येते. ज्याची सारी विद्या पोथीवर उभी आहे अशा माणसाला पोथ्यांची धूळधाण माणसांच्या मृत्यूशेजारीच नोंदवावीशी वाटते. या शेजारामुळे वाचक अस्वस्थ होतो. मात्र वेढा घालणाऱ्या सैन्याच्या अहवालात ज्या नुकसानीला जागा नाही, ती येथे राहिली आहे.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी पुन्हा भेटतात. पराभूत, धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून त्या स्वतः दोर हाती घेतात आणि विधवेच्या अल्प गरजांविषयी, स्वीकारलेल्या कार्याविषयी दोन वाक्ये बोलतात. पंचवीस वर्षांनी लिहिताना हे शब्द जसेच्या तसे आठवले असतील काय, अशी शंका रास्त आहे. परंतु या प्रसंगाची सत्यता शब्दांपेक्षा त्यातील व्यवहारात आहे. राज्य गेल्यानंतरही यजमान व भिक्षुक यांच्यातील मर्यादा दोघेही पाळतात. विष्णुभटांना राणीचा मोठेपणा समजतो तो याच मर्यादेच्या भाषेत. दुसरी भाषा त्यांच्यापाशी नव्हती.

ही भाषा जशी त्यांचे बळ, तशीच त्यांची सीमा. जातिविषयक ग्रह ते निःशंकपणे लिहून जातात. खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रीपुरुष त्यांच्या निवेदनात येतात ते बहुधा कुतूहलाचा, विटाळाचा वा गावगप्पांचा विषय म्हणून. त्यांना दक्षिणी ब्राह्मणांची घरे दिसतात, कारण त्या घरांचे दार त्यांना उघडे असते. जी दारे त्यांनी ठोठावली नाहीत त्यांच्याआडचा हिंदुस्थान अंधारात राहतो. तुलनेसाठी पंडिता रमाबाईंचे १८८९ साली प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ पाहता येईल. रमाबाई स्त्रियांच्या स्थितीचा प्रश्न बरोबर घेऊन परदेशात गेल्या. संस्था, शाळा, सभा यांच्याकडे त्यांचे लक्ष गेले ते त्या प्रश्नामुळे. विष्णुभटांपाशी असा प्रश्न नाही, गरज आहे. दोन्ही पुस्तके एकच गोष्ट सांगतात : प्रवासी देश पाहत नाही, आपल्या कामाने जेवढा देश उघडतो तेवढाच तो पाहतो. प्रवासवर्णनाची समीक्षा निसर्गवर्णनाच्या सौंदर्यापासून सुरू करण्याऐवजी प्रवाशाच्या कामापासून सुरू व्हावयास हवी.

संहितेचा प्रश्नही येथेच येतो. विष्णुभटांचे मोडीतील मूळ लेखन आणि १९०७ची छापील आवृत्ती यांत अंतर होते. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखिताच्या आधारे पुस्तक पुन्हा संपादित केल्यावर ते अंतर स्पष्ट झाले. परकीय अमलाखाली प्रकाशन करणाऱ्या संपादकाला सावधगिरी बाळगणे भाग होते, हे मान्य केले पाहिजे. त्याबरोबर सुशिक्षित पिढीची नीटनेटकेपणाची अभिरुचीही काम करीत होती. भिक्षुकाचे ऐसपैस, बखरीच्या वळणाचे, आठवणीसरशी आडवाटेला जाणारे गद्य नव्या ग्रंथव्यवहाराला ओबडधोबड वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्या आडवाटांतच प्रवासी सापडतो. पुढे अमृतलाल नागरांच्या हिंदी अनुवादातून आणि २०११ नंतरच्या इंग्रजी अनुवादांतून हे पुस्तक मराठीबाहेर पोहोचले. अभ्यासकाने आता कोणत्या संहितेविषयी आपण बोलत आहोत हे सांगितल्याविना निष्कर्ष काढू नयेत.

प्रवासाचा शेवट वरसईत होतो. लुटीत कमाई गेली. यज्ञाच्या आशेने निघालेला माणूस जवळजवळ रिक्तहस्त परतला. बरोबर होती ती गंगोदकाची कावड. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालून त्यांनी प्रवास पुरा झाल्याचे मानले. कर्ज फेडण्यासाठी निघालेल्या मुलाने वेगळ्याच ऋणाची फेड केली. बंडाची हकीकत म्हणून वाचणाऱ्याला हा शेवट परिशिष्टासारखा वाटतो. प्रवास म्हणून वाचणाऱ्याला तोच पुस्तकाचा अर्थ वाटेल. राज्ये बुडाली, तरी लेखकाच्या हिशेबात यशापयशाचे माप घरच्या उंबरठ्यावर ठरते.

याच पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली विनोबा भावे जन्मले. १९५१ साली पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ झाल्यावर तेरा वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. एकाने दक्षिणा मागितली, दुसऱ्याने भूमिहीनांसाठी जमीन. मागणाऱ्यापुढे देश कसा उघडतो, कोण देतो, कोण दार लावून घेतो, हे दोघांच्याही वाटेवर दिसले. विनोबांची पदयात्रा सहकाऱ्यांनी, वृत्तपत्रांनी नोंदविली. विष्णुभटांजवळ त्यांच्या स्मृतीवाचून काही नव्हते. त्या स्मृतीला ‘साधन’ या शब्दात कोंडून न ठेवता एका गरजवंताच्या चालण्याचे वाङ्मय म्हणून तिचे वाचन झाले, तर सत्तावनचा इतिहासही अधिक माणसांचा होईल.